जमिनीच्या पोटातले ओझे : मालमत्ता घेण्यापूर्वी पर्यावरणीय धोके आणि छुपे खर्च कसे तपासावेत

स्थावर मालमत्तेत पैसे गुंतवताना मालकीची कागदपत्रे तपासून घ्यावीत, हे आता कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. वकील नेमला जातो, आधीच्या मालकांची साखळी पाहिली जाते, कोणाचे कर्ज किंवा कोणाचा हक्क शिल्लक आहे का याचा शोध घेतला जातो. मात्र ज्या मातीवर ती वास्तू उभी आहे ती माती, तिच्याखालचे पाणी आणि भिंतींच्या आत दडलेले साहित्य यांची विचारपूस तेवढ्या कसोशीने होत नाही, आणि गुंतवणुकीचा हिशेब बहुतेक वेळा तिथेच चुकतो. मालकीतला दोष न्यायालयात निस्तरता येतो. मातीत मुरलेले रसायन किंवा दर काही वर्षांनी घरात शिरणारे पाणी कोणत्याही दस्ताने हटत नाही. म्हणून ही तपासणी विसार देण्याच्या आधी, कमी खर्चाच्या पायरीपासून जास्त खर्चाच्या पायरीकडे जात कशी करावी आणि तिच्यातून निघालेले आकडे किमतीत कसे उतरवावेत, ते पुढे क्रमाने मांडले आहे.

आधी एक प्रश्न वकिलाला

अमेरिकेतील नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाच्या अर्धवट सोडलेल्या कालव्यात १९४० नंतरच्या दशकात रासायनिक कचरा पुरण्यात आला. १९५३ साली ती जागा अवघ्या एका डॉलरला स्थानिक शाळा मंडळाला देण्यात आली. त्या खरेदीखतात पुरलेल्या रसायनांचा उल्लेख होता आणि पुढे काही हानी झाल्यास विकणारा जबाबदार राहणार नाही, अशी अटही होती. कालांतराने तिथे शाळा उभी राहिली, भोवती घरे झाली, आणि १९७८ साली आणीबाणी जाहीर करून कुटुंबांना घराबाहेर काढावे लागले. एका दस्तात लिहिलेली ती ओळ शेजारच्या जागांवर घरे घेणाऱ्यांपर्यंत पोहोचली नव्हती. गुंतवणूकदाराने यातून घ्यायची गोष्ट अशी, की आपल्या दस्तात काही नाही याचा अर्थ आपल्या जमिनीत काही नाही असा होत नाही, आणि शेजारच्या जमिनीचा दस्त पाहणे हेही आपलेच काम आहे.

या प्रकरणानंतर १९८० साली अमेरिकेत जो कायदा झाला त्यानुसार, प्रदूषण स्वतः केलेले नसतानाही सध्याच्या मालकावर सफाईची जबाबदारी येऊ शकते. २००२ सालच्या दुरुस्तीने, खरेदीपूर्वी योग्य ती चौकशी केल्याचे दाखवू शकणाऱ्या खरेदीदाराला काही अटींवर संरक्षण मिळाले. इंग्लंडमध्ये प्रथम प्रदूषण करणाऱ्याला शोधले जाते आणि तो सापडला नाही तर जबाबदारी सध्याच्या मालकाकडे किंवा वहिवाटदाराकडे वळते. आपण ज्या देशात खरेदी करत आहोत तिथला नियम यापेक्षा वेगळा असू शकतो. त्यामुळे वकिलाला लेखी विचारावे, की जुने प्रदूषण उद्या उघडकीला आले तर सफाईचा खर्च कोणाच्या अंगावर येईल, आणि खरेदीपूर्वी केलेल्या चौकशीचा पुरावा मला वाचवू शकेल का. या एका उत्तरावरून पुढची तपासणी किती खोल न्यावी हे ठरते.

जागेचा पूर्वेतिहास

सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत फलदायी पायरी हीच आहे. जुने नकाशे, हवाई छायाचित्रे, उपग्रहाची मागील वर्षांची चित्रे, बांधकाम परवानग्यांच्या नोंदी आणि प्रदूषण नियंत्रण यंत्रणेकडील कागद हे बहुतेक ठिकाणी थोड्या खटपटीने पाहायला मिळतात. त्यांच्यावरून दर दहा-वीस वर्षांनी त्या जागेवर आणि तिच्या चारही बाजूंना काय होते, याची एक साधी तारीखवार नोंद तयार करावी. रस्त्यांची आणि वस्त्यांची जुनी नावेही ऐकावीत. तळे, ओढा, भट्टी, खाण असे शब्द नावात टिकून राहतात आणि प्रत्यक्ष तळे बुजवून कितीतरी वर्षे झालेली असतात.

पूर्वीचा वापर कळला की काय शोधायचे हेही कळते. कातडी कमावण्याच्या जागेत क्रोमियम, विद्युत मुलामा देण्याच्या कारखान्यात क्रोमियम, निकेल, कॅडमियम आणि सायनाइड, कोळशापासून गॅस काढणाऱ्या जुन्या कारखान्यात डांबर, तर लाकडावर प्रक्रिया करणाऱ्या वखारीत आर्सेनिक किंवा क्रिओसोट (लाकूड टिकवण्यासाठी वापरले जाणारे डांबरी तेल) अपेक्षित धरावे. बागायत दिसली की मन निर्धास्त होते, पण डीडीटी हे कीटकनाशक येण्यापूर्वी अनेक देशांतील फळबागांत शिशाचे आर्सेनेट फवारले जात असे, आणि शिसे व आर्सेनिक ही दोन्ही द्रव्ये मातीत विघटित होत नाहीत.

पेट्रोल पंप आणि कपड्यांची ड्राय क्लीनिंगची दुकाने यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ती निवासी वस्तीतच असतात आणि दिसायला निरुपद्रवी असतात. जमिनीखालच्या टाकीतून गळलेले पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे भूजलावर तरंगते आणि पाण्याच्या प्रवाहाबरोबर शेजारच्या जागांत सरकते. ड्राय क्लीनिंगमध्ये वापरले जाणारे पर्क्लोरोएथिलीन याच्या उलट पाण्यापेक्षा जड असते; ते भूजलातून खाली उतरत अभेद्य थरावर साचून राहते आणि बाहेर काढणे अत्यंत कठीण होते. दोन्हींची वाफ मातीतून वर येऊन फरशीच्या फटींतून बंद खोलीत शिरू शकते. म्हणजे आपल्या जागेवर कधीच काही नव्हते, तरी चढाच्या बाजूच्या दुकानाचा उपद्रव आपल्या तळघरात पोहोचू शकतो.

कचऱ्याने बुजवलेल्या जुन्या खाणी हा आणखी एक प्रकार. सडणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असले की ठिणगीने स्फोट होतो. १९८६ साली इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील लॉस्को गावात जवळच्या बुजवलेल्या कचराभूमीतील वायू खडकाच्या भेगांमधून एका बैठ्या घराखाली पोहोचला. त्या रात्री हवेचा दाब झपाट्याने उतरल्यामुळे वायूचा लोट वाढला, आणि घर स्फोटात उद्ध्वस्त झाले. ते घर कचऱ्यावर बांधलेले नव्हते, कचऱ्याशेजारी होते.

स्वतःच्या डोळ्यांनी केलेली पाहणी

पाहणीला दोनदा जावे: एकदा कोरड्या हवेत आणि एकदा मोठा पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. दलालाबरोबर जाण्यापेक्षा एकट्याने किंवा जाणकार अभियंत्याबरोबर जावे, आणि घाईत असलेल्या विक्रेत्याला तर आवर्जून वेळ मागावा.

तळमजल्याच्या खोलीत शिरल्यावर आधी भिंतीचा खालचा भाग पाहावा. पायातून वर चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीपर्यंत, वरखाली होत गेलेल्या काठाने दिसते. तिच्या कडेला पांढरा खार फुटलेला असतो, बोट फिरवले की पिठासारखा हाताला लागतो आणि त्याच्यामागे रंगाचे पोपडे सुटलेले असतात. पुराच्या पाण्याची खूण वेगळी असते. ती सर्व खोल्यांत एकाच पातळीवर, दोरी धरून आखल्यासारखी सरळ असते. रंग लावून ती झाकता येते, म्हणून न रंगवलेल्या जागा शोधाव्यात: भिंतीत बसवलेल्या कपाटाची मागची बाजू, जिन्याखालचा कोपरा, दाराच्या चौकटीचा खालचा भाग, आणि परवानगी असल्यास वीजतंत्र्याकडून पुरवठा बंद करून उघडलेली एखादी स्विचची पेटी. पेटीच्या तळाशी बारीक वाळलेला गाळ सापडला, तर दुसऱ्या कोणत्याही साक्षीची गरज उरत नाही. घराचा फक्त खालचा अर्धा भाग नव्याने रंगवलेला असणे किंवा तळमजल्यावरचे सॉकेट वरच्या मजल्यांपेक्षा बरेच उंच बसवलेले असणे, यांचेही कारण विचारावे.

अंगणात फिरताना जमिनीतून वर आलेला, टोकाला वाकवलेला लोखंडी नळ आणि त्याच्याजवळ जमिनीसपाट झाकण दिसले, तर खाली इंधनाची टाकी असण्याची शक्यता आहे. इतरत्र हिरवे गवत असताना एकाच पट्ट्यात काही न उगवणे, जमिनीवर तेलकट डाग असणे, खणलेल्या मातीत विटांचे तुकडे, काच, राख किंवा चिंध्या निघणे, ही भरावाची किंवा पुरलेल्या कचऱ्याची लक्षणे आहेत. वासावरही विश्वास ठेवावा. मात्र पाहणीच्या वेळी सर्व खिडक्या उघड्या आणि सुगंधी फवारा मारलेला असेल, तर दारे-खिडक्या अर्धा तास बंद ठेवून पुन्हा आत जावे.

पाणी आणि पाया

पुराच्या नकाशावर 'शंभर वर्षांतून एकदा' असे लिहिलेले असते आणि वाचणाऱ्याला वाटते, की मागच्या पिढीत पूर येऊन गेला, आता आपली काळजी मिटली. या शब्दांचा खरा अर्थ, कोणत्याही एका वर्षी तसा पूर येण्याची शक्यता १ टक्का आहे, एवढाच आहे. ३० वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत तो एकदाही न येण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के, म्हणजेच निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के होते. चारातल्या एका संधीला कोणी दुर्मीळ म्हणणार नाही. शिवाय हे नकाशे बहुधा नदीच्या पुराचे असतात. मुसळधार पावसात तुंबलेल्या गटारांचे आणि बुजवलेल्या नाल्यांचे पाणी त्यांत अनेकदा धरलेले नसते. त्यामुळे नकाशाइतकेच महत्त्व शेजाऱ्यांच्या आठवणीला, रस्त्याच्या उताराला आणि पाणी जायला वाट उरली आहे का याला द्यावे.

समुद्रकिनाऱ्याच्या मालमत्तेत वेळेचा विचार आणखी लांबचा करावा लागतो. हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, आणि २००६ ते २०१८ या काळात वाढीचा वेग वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटर झाला होता. त्यातच जमीन खचत असेल, तर परिणाम दुणावतो. जकार्तामध्ये बेसुमार भूजल उपशामुळे शहराचे काही भाग समुद्राच्या वाढीपेक्षा कितीतरी वेगाने खाली गेले आहेत.

पायाखालच्या मातीबद्दल स्थापत्य अभियंत्याचे मत घ्यावेच. काळ्या चिकण मातीसारख्या जमिनी पाणी पिऊन फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. त्यांच्यावरील हलक्या बांधकामाला दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरके तडे जातात. तड्याची रुंदी मोजून, त्यावर तारखेसह खूण करून काही आठवड्यांनी पुन्हा पाहिले, तर तो जुना आहे की वाढतो आहे हे समजते. भूकंपप्रवण भागात भराव टाकलेली, पाण्याने संपृक्त अशी वाळूची जमीन सर्वांत फसवी असते. १९६४ साली जपानमधील नीगाता शहरात भूकंपात वाळू द्रवासारखी झाली आणि सदनिकांच्या इमारती फारशा न मोडता, जशाच्या तशा कलंडल्या. इमारत कितीही भक्कम असली तरी तिच्याखालची जमीन तेवढीच तोलाची असावी लागते.

भिंतींच्या आत

इमारतीचे वय विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. ॲस्बेस्टॉस विसाव्या शतकात पत्रे, पाइपांवरील वेष्टण, फरशा, टाक्या आणि छतांच्या फळ्या यांत सर्रास वापरले गेले. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी १९९९ साली आली, तर काही देशांत ते अजूनही वापरात आहे. धडधाकट पत्रा तसाच ठेवला तर धोका कमी असतो. तो कापला, भोके पाडली किंवा फोडला की तंतू हवेत मिसळतात, आणि त्यांमुळे होणारे आजार अनेक दशकांनी उघडकीला येतात. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की नूतनीकरणाचा नेहमीचा दर इथे लागू होत नाही, कारण प्रशिक्षित कामगार, वेगळे वेष्टन आणि परवानगी असलेली विल्हेवाटीची जागा लागते. शिशाच्या रंगाचेही तसेच आहे. अमेरिकेत घरांसाठी तो १९७८ साली बंद झाला. त्याआधीच्या घरात रंग खरवडण्याचे साधे काम लहान मुलांसाठी विषारी धूळ निर्माण करते.

रेडॉन हा वायू मातीतील आणि खडकातील युरेनियमच्या ऱ्हासातून निघतो; त्याला रंग नाही, वास नाही, आणि धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचे ते एक प्रमुख कारण मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने घरांसाठी हवेच्या घनमीटरमागे १०० बेकरेल (किरणोत्साराचे एकक) ही संदर्भ-पातळी सुचवली आहे. चाचणी स्वस्त आहे आणि फरशीखालून पाइप व पंखा बसवून वायू बाहेर सोडण्याचा उपायही आटोक्यातला आहे, म्हणून रेडॉनमुळे व्यवहार सोडण्याची वेळ क्वचितच येते. बुरशीच्या बाबतीत ती पुसून काढण्याचा खर्च गौण असतो. पाणी कुठून येते ते शोधून बंद करण्याचाच खर्च मुख्य धरावा.

सदनिका घेणाऱ्यांना वाटते, की जमिनीचा प्रश्न आपला नाही. तो असतो. तळघरातला पंप, सामाईक भिंतींची ओल, जुनी जलवाहिनी यांचा खर्च देखभाल शुल्कातून आणि एकरकमी वर्गणीतून प्रत्येकाकडे येतो, म्हणून सभासदांच्या सभेची मागील काही वर्षांची इतिवृत्ते मागून वाचावीत. गळती, गटार आणि गच्ची हे शब्द त्यांत किती वेळा येतात ते मोजावे.

चाचण्या कोणत्या आणि कधी

व्यावसायिक तपासणी दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात तज्ज्ञ कागदपत्रे, जागेची पाहणी आणि मुलाखती यांवरून धोका आहे का हे सांगतो. माती किंवा पाण्याचा नमुना घेत नाही. अमेरिकेत यासाठी ई १५२७ हे प्रमाणित मानक आहे आणि तपासणीचे मुख्य भाग खरेदीपूर्वीच्या १८० दिवसांच्या आतले असावेत, अशी त्यात अपेक्षा आहे. विक्रेता चार वर्षांपूर्वीचा अहवाल दाखवू लागला, तर तो वाचावा. पण त्यावर विसंबू नये. संशय निघाला तरच दुसरा टप्पा, म्हणजे बोअर घेऊन माती, भूजल आणि मातीतील वायू यांची प्रयोगशाळेत तपासणी करावी. तज्ज्ञ आपण नेमलेला असावा, त्याची फी आपण द्यावी आणि अहवालावर आपण विसंबू शकतो असे त्यात आपल्या नावाने लिहिलेले असावे. दुसऱ्याच्या नावाने केलेल्या अहवालातील चूक आपल्याला भोवली, तर दाद मागणे अवघड होते.

दुसऱ्या टप्प्याला जाण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी. काही देशांत प्रदूषण आढळले की ते सरकारी यंत्रणेला कळवणे बंधनकारक असते. त्यामुळे नमुने घेण्याला विक्रेत्याची लेखी संमती आणि निष्कर्ष कोणाला कळवायचे याची स्पष्टता आधीच करून घ्यावी. संमती द्यायला विक्रेता ठाम नकार देत असेल, तर मी तो नकार हाच निष्कर्ष समजेन.

आकडे मांडताना

छुपा खर्च एकदाच होणारा आणि दरवर्षी होणारा असा वेगळा लिहावा. समजा, एका मालमत्तेची किंमत १०० आणि वार्षिक भाडे ४ आहे. वरवर पाहता परतावा ४ टक्के. आता तपासणीला १, सफाई आणि दुरुस्तीला ८, आणि काम चालू असताना सहा महिने जागा रिकामी राहिल्यामुळे बुडणारे भाडे २ धरले, तर गुंतवणूक १११ होते. पुराच्या धोक्यामुळे विम्याचा वाढीव हप्ता ०.४ आणि पंप, ओल वगैरे देखभालीला ०.३ दरवर्षी गेले, तर हाती ३.३ उरतात आणि परतावा ३ टक्क्यांच्याही खाली येतो. पुन्हा ४ टक्के मिळवायचे असतील, तर एकूण गुंतवणूक ८२.५ पेक्षा जास्त चालत नाही. त्यातून ११ वजा केले की विक्रेत्याला देण्याजोगी किंमत ७१.५ निघते. दुरुस्तीला ८ लागतात म्हणून किंमत ८ ने कमी करून घेण्यात समाधान मानणारा खरेदीदार दरवर्षी वाहून जाणारे ते ०.७ विसरलेला असतो.

विम्याकडे विशेष बारकाईने पाहावे. कर्ज वीस-तीस वर्षांचे असते, पण विम्याचा करार सहसा वर्षाचा. विमा कंपनी पुढच्या वर्षी हप्ता वाढवू शकते, पुरासाठी स्वतः सोसायची रक्कम वाढवू शकते किंवा नूतनीकरणच नाकारू शकते. आणि विमा नसेल तर पुढच्या खरेदीदाराला कर्ज मिळणे अवघड होऊ शकते, म्हणजे विकतानाही किंमत पडते. मागील पाच वर्षांचे दावे आणि हप्ते विक्रेत्याकडून लेखी मागावेत आणि विसार देण्यापूर्वी स्वतःच्या नावाने दरपत्रक घ्यावे. ऊर्जेच्या नियमांचाही विचार व्हावा: इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१८ पासून, काही अपवाद सोडता, ऊर्जा-कार्यक्षमतेत 'ई' या श्रेणीखालील घर नव्या भाडेकरूला देता येत नाही. असा नियम आला, की खिडक्या, छत आणि तापनव्यवस्था बदलण्याचा खर्च मालकाच्या पदरात पडतो.

करारात काय उतरवावे

तपासणीचा निष्कर्ष समाधानकारक न निघाल्यास विसार परत मिळेल, ही अट मुदतीसह लिहून घ्यावी. प्रयोगशाळेचे निकाल यायला काही आठवडे लागतात, म्हणून ही मुदत पुरेशी ठेवावी. पूर, गळती, टाक्या, पूर्वीचा वापर आणि सरकारी नोटिसा यांबद्दल विक्रेत्याकडून लेखी उत्तरे घ्यावीत. 'माझ्या माहितीप्रमाणे' एवढ्यावर थांबणारे उत्तर आले, तर ती माहिती कोणाकडे आहे, हेही विचारावे. सफाई विक्रेता करणार असेल, तर रकमेचा काही भाग तिसऱ्या पक्षाकडे राखून ठेवावा आणि काम पूर्ण झाल्याचे स्वतंत्र तज्ज्ञाचे प्रमाणपत्र आल्यावरच तो मोकळा करावा. सफाईनंतर काही वर्षे भूजलाचे नमुने घेत राहण्याची अट यंत्रणेने घातलेली असेल, तर तो खर्च कोणाचा हे त्याच दस्तात स्पष्ट करावे.

ताबा घेताना भिंती, तळघर, अंगण आणि टाक्यांची झाकणे यांची तारखेसह छायाचित्रे काढावीत, आणि सर्व अहवालांच्या मूळ प्रती खरेदीखताच्या शेजारीच ठेवाव्यात, कारण ती मालमत्ता आपण विकायला काढू तेव्हा पुढचा सावध खरेदीदार हेच कागद आपल्याकडे मागणार आहे.